विंचवाचं बिऱ्हाड पेटीत मावत नाही

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेदोनला मित्राचा मेसेज आला. "हिने पिल्लं खाल्ली रे." खाली फोटो. काचेची पेटी, ओलं कोकोपीट, त्यात आमची काळीभोर एम्परर विंचवाची मादी आणि तिच्या चिमट्यात पांढरं, मऊ काहीतरी. दोनच दिवसांपूर्वी तिच्या पाठीवर आम्ही सतरा पिल्लं मोजली होती. व्हिडिओ काढला होता. तो नीट यावा म्हणून पेटीचं झाकण चारदा उघडलं होतं, यूव्ही टॉर्च मारला होता, आणि ती कोपऱ्यात दडून बसली तेव्हा चमच्याने तिला पुढे ढकललं होतं.

'आमची' म्हणतोय, कारण तिच्या किमतीतले निम्मे पैसे माझे होते.

सकाळपर्यंत सल्ल्यांचा पाऊस पडला. ओलावा कमी पडला असेल. खाणं कमी पडलं असेल. कॅल्शियम द्या. पहिलटकरीण असेल, पुढच्या वेळी नीट सांभाळेल. प्रत्येक सल्ल्यामागे एकच समजूत होती. मादीत किंवा पेटीत काहीतरी बिघडलंय, ते दुरुस्त केलं की झालं. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. मोबाइल दुरुस्त करायला द्यावा तसं आम्ही त्या विंचवाकडे बघत होतो.

आता मला ते पटत नाही. पाळीव विंचवांच्या प्रजननातल्या 'अडचणी' म्हणून ज्या सांगितल्या जातात, त्यातल्या बहुतेक अडचणी नाहीतच. तो विंचवाचा स्वभाव आहे, त्याच्या आयुष्याची चाल आहे. अडचण आहे ती विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, कारण या चालीने माल तयार होत नाही. मग ही अडचण झाकायला बाजार एक खोटं बोलतो, आणि आपण ते खोटं पैसे मोजून घरी आणतो.

विंचवाला घाई नसते

आधी हा प्राणी समजून घेऊ. विंचू अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. एम्परर विंचू, म्हणजे पँडिनस इम्परेटर, पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या भागांत तो बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. लांबी वीस सेंटिमीटरपर्यंत जाते. दिसायला राक्षस, पण विष माणसासाठी सौम्य. म्हणूनच तो जगभरच्या हौशी लोकांचा लाडका.

या मादीचं गाभणपण सात महिन्यांपासून वर्षभराहूनही जास्त चालतं. एवढ्याशा जिवाचं गर्भारपण आपल्या नऊ महिन्यांच्या पुढे जाऊ शकतं, हे आधी डोक्यात बसवा. आणि या काळात ती पिल्लं पोटात नुसती पडून नसतात. या कुळातल्या विंचवांत प्रत्येक गर्भ आईच्या शरीरातल्या वेगळ्या कप्प्यात वाढतो आणि तोंडावाटे आईकडून पोषण घेतो. गाईम्हशीच्या वासरासारखंच म्हणा, फक्त पोटातल्या पोटात.

जन्मलेलं पिल्लू पांढरं, मऊ आणि पुरतं असहाय असतं. ते आईच्या पाठीवर चढतं आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतं. तोवर ते काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर जगतं. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्यांसाठी वापरतो. पण ज्याने ती पहिल्यांदा म्हटली असेल त्याने हे दृश्य नक्की पाहिलं असणार. गावाकडे आणखी एक समजूत आहे, की विंचवाची पिल्लं आईची पाठ खाऊन मोठी होतात. ती खरी नाही. पेटीत घडतं ते याच्या नेमकं उलट.

एम्पररच्या बाबतीत गोष्ट पाठीवरून उतरल्यावर संपत नाही. हा विंचू कुटुंबात राहणारा. पिल्लं हिंडू-फिरू लागली तरी आईसोबत राहतात, तिने मारलेल्या शिकारीवर जेवतात. वयात यायला त्यांना अनेकदा तीन-चार वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे आज जन्मलेलं पिल्लू तुम्ही बारावीत असताना घेतलंत, तर ते 'पिल्लं देण्याजोगं' होईपर्यंत तुमची डिग्री संपलेली असेल.

आता ही चाल दोन फूट लांब काचेच्या पेटीत कोंबून बघा.

प्रत्येक पायरीवर माणूस आडवा

सुरुवात मीलनापासून. नर मादीचे चिमटे धरतो आणि दोघं बराच वेळ पुढे-मागे सरकत राहतात. बघणाऱ्याला नाच वाटतो. नर खरं तर टणक, सपाट जागा शोधत असतो. पोटाखालच्या कंगव्यासारख्या अवयवांनी तो जमीन चाचपतो. तशी जागा सापडली की तो शुक्राणूंची एक बारीक देठासारखी कुपी तिथे उभी चिकटवतो आणि मादीला तिच्यावर ओढून आणतो. पेटीत काय असतं? भुसभुशीत कोकोपीट. कुपी उभीच राहत नाही. चपट्या दगडाचा तुकडा ठेवला असता तर भागलं असतं, पण दुकानात 'सेटअप'सोबत प्लास्टिकची कवटी मिळते, दगड मिळत नाही. नर थकतो, मादी वैतागते, आणि पेटीत पळायला जागा नसली की नर जिवाला मुकतो. मालक म्हणतो, "मादी फार ॲग्रेसिव्ह आहे."

दुसरी पायरी, जोडी मुळात जोडी आहे का? 'एशियन फॉरेस्ट' या एका नावाखाली बाजारात काळे मोठे विंचू विकले जातात. 2020 साली लोरेन्झो प्रेंदिनी आणि स्टेफनी लोरिया या संशोधकांनी या आशियाई विंचवांची नव्याने मांडणी केली. तोवर 'हेटेरोमेट्रस' या एकाच नावाखाली असलेल्या प्रजाती अनेक गटांत वेगळ्या झाल्या. त्यातल्या दोन गटांची नावं वाचून मला गंमतही वाटली आणि लाजही. डेक्कनोमेट्रस आणि सह्याद्रीमेट्रस. आपल्या पठाराच्या आणि आपल्या डोंगराच्या नावाचे विंचू, आणि आपल्याला त्या सगळ्यांसाठी 'इंगळी' हा एकच शब्द पुरतो. दुकानदाराला तर तोही लागत नाही. मग एका प्रजातीचा नर दुसऱ्या प्रजातीच्या मादीपुढे सोडायचा, आणि काही झालं नाही की फोरमबाज पंडितांनी तापमान वाढवायला सांगायचं.

तिसरी पायरी गाभणपणाची. हीट मॅट पेटीच्या तळाशी लावतात. विंचू गरम झाला की खाली, बिळात जातो. हा त्याचा लाखो वर्षांचा शहाणपणा. पेटीत तो खाली गेला की आणखी भाजतो. ओलावा कमी झाला तर कात अर्धवट अडकते आणि पिल्लू त्यातच मरतं. ओलावा फार झाला आणि हवा कोंडली तर बुरशी धरते, अंगावर बारीक किडे चढतात. जंगलात विंचू स्वतः दोन पावलं सरकून हवा तो ओलावा शोधतो. इथे तो आपल्या आठवणीवर आणि आपल्या वीकेंडच्या प्लॅनवर अवलंबून असतो.

आणि चौथी पायरी आमची, चमचा आणि टॉर्चची. रात्री हिंडणारा, उजेडापासून दूर पळणारा हा प्राणी. यूव्ही उजेडात तो निळा-हिरवा चमकतो हे आपल्याला कळलं, आणि तेव्हापासून त्याची रात्र गेली. नुकतीच व्यालेली मादी वारंवार हलवली गेली, सुकली, उपाशी राहिली, तर ती पिल्लं खाते. तिच्या बाजूने हा हिशेब आहे. जागा सुरक्षित नाही, ही पिल्लं जगणार नाहीत, निदान यांच्यात घातलेलं बळ परत घेऊ. आपण त्याला 'राक्षसी' म्हणतो आणि रडका इमोजी टाकतो.

आम्ही झाकण चारदा उघडलं होतं. हिशेब तिने बरोबर केला होता.

'कॅप्टिव्ह ब्रेड' नावाचा शिक्का

आता त्या खोट्याकडे येतो.

आम्ही मादी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, कॅप्टिव्ह ब्रेड आहे. दीड वर्षाची आहे." जंगलातून पकडलेली नाही, माणसाच्या देखरेखीत जन्मलेली आहे, असा त्याचा अर्थ. हे ऐकून आमची सद्सद्विवेकबुद्धी गाढ झोपली.

पाच महिन्यांनी ती व्याली. आमच्याकडे नर नव्हता. म्हणजे आली तेव्हाच ती गाभण होती. आता बोटांवर मोजा. वय दीड वर्ष, त्यात हे पाच महिने मिळवा आणि त्यातून गाभणपणाचे किमान सात महिने वजा करा. उरले जेमतेम सोळा महिने. ज्या प्राण्याला वयात यायला वर्षं लागतात, तो सोळाव्या महिन्यात पूर्ण वाढ होऊन गाभण राहिला? हे गणित सहावीतल्या पोरालाही पटणार नाही. आम्ही ते केलंच नाही, कारण आम्हाला ते करायचं नव्हतं.

पँडिनस इम्परेटर 1995 पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याचा व्यापार बंद नाही, पण परवान्याशिवाय नाही. या करारात प्राणी कुठून आला हे सांगायला अक्षरं ठरलेली आहेत. 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातून पकडलेला. 'आर' म्हणजे जंगलातून अंडी किंवा पिल्लं आणून बंदिस्त जागेत वाढवलेला. 'एफ' म्हणजे बंदिस्त जागेत जन्मलेला. आणि 'सी' म्हणजे खऱ्या अर्थाने तिथेच पैदास झालेला. 'सी' लागायचा तर आईबापांचं मीलनही बंदिस्त जागेत झालेलं असावं लागतं. जंगलातून गाभण मादी उचलली आणि ती पेटीत व्याली, तर तिची पिल्लं 'सी' ठरत नाहीत. करार एवढा काटेकोर आहे. दुकानाच्या काउंटरवर मात्र या चारही अक्षरांचा एकच शब्द होतो, 'कॅप्टिव्ह ब्रेड'.

आता असं का होतं ते बघा. ज्याला गाभणपणाला वर्ष आणि वयात यायला तीन-चार वर्षं लागतात, असा प्राणी पेटीत दोन पिढ्या वाढवून विकायचा तर धंदेवाल्याला सात-आठ वर्षं जागा, वीज, रातकिडे आणि धीर लागेल. आफ्रिकेतलं एक बीळ खणून गाभण मादी काढायला एक दुपार पुरते. तुम्ही धंदा करत असता तर काय केलं असतं? म्हणून मी म्हणतो, 'प्रजननात अडचणी येतात' हे वाक्य निरागस नाही. त्याचा पुढचा, न बोललेला भाग असतो : 'म्हणून जंगलातून आणतो.'

जो वाढतो तो पाळता येत नाही

काही जण म्हणतील, मग सहज वाढणारे विंचू पाळू. असे आहेत. ब्युथिडे या कुळातल्या कितीतरी प्रजाती लवकर वयात येतात आणि एका मीलनावर एकाहून जास्त वेळा पिल्लं देतात. ब्राझीलचा पिवळा विंचू, टिटियस सेरुलाटस, तर नराशिवायही पिल्लं देतो. हे 1962 सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आलंय. एक मादी पेटीतून निसटली तरी वस्ती तयार होऊ शकते. ब्राझीलच्या शहरांत गटारांतून आणि घरांतून हा विंचू पसरला आहे, आणि त्याच्या दंशाने मुलं दगावतात.

आणि याच कुळात आपला कोकणातला लाल विंचू येतो, हॉटेंटोटा टॅम्युलस. त्याच्याबद्दल मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी खेड्यातल्या दवाखान्यात बसून या विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषावर चालतं हे दाखवलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी केले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी किती आयांनी आपली पोरं घामाने निथळत, श्वास कोंडून जाताना पाहिली असतील! आणि हाच लाल विंचू आज परदेशातल्या हौशी लोकांच्या पेट्यांत 'कलेक्शन' म्हणून बसतो.

तर पेच असा आहे. जो शांत आहे, हाताळता येतो, तो पेटीत वाढत नाही, म्हणून जंगलातून येतो. जो पेटीत भराभर वाढतो, तो घरात ठेवण्याजोगा नाही. या दोहोंच्या मध्ये ज्या थोड्या प्रजाती उरतात, त्यांना बाजारात मागणी नाही, कारण त्या रीलमध्ये भारी दिसत नाहीत.

"पण..."

माहीत आहे, काही 'पण' येणार.

पहिला 'पण' : लोक विंचू चपलेने ठेचतात, आम्ही निदान जपतो तरी. हे मला अर्धं मान्य आहे. पण लाकडं काढताना जिच्या बोटाला विंचू डसतो, जिचं लेकरू जमिनीवर झोपतं, त्या बाईने चप्पल उचलली तर तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती भीतीने मारते. आपण हौसेने मारतो, तेही हळूहळू, आणि त्याला प्रेम म्हणतो.

दुसरा 'पण' : पैदास केली तरच प्रजाती वाचेल. बरं, तुमच्या पेटीतलं कुठलं पिल्लू घानाच्या रानात परत जाणार आहे? कुणाशी जोड लावली, आईबाप कुठल्या भागातले, याची वही आहे का? एकाच आईच्या पिल्लांची आपसात जोडी लावत दोन-तीन पिढ्या गेल्या की काय हाती उरतं, हे कुठल्याही शेळीवाल्याला विचारा. वहीशिवायची पैदास म्हणजे संवर्धन नव्हे.

तिसरा 'पण' खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. काही लोक खरंच धीराने विंचू वाढवतात. चपटा दगड ठेवतात, अंधार देतात, प्रत्येक कातीची तारीख लिहून ठेवतात. विंचवांच्या वाढीबद्दल आज जे माहीत आहे, त्यात पेटीपाशी वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांचा वाटा आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ओळख एका खुणेने पटते. असा माणूस तुम्हाला महिन्याभरात पिल्लं विकायची घाई करत नाही, आणि त्याच्या घरात प्राण्यापेक्षा वह्या जास्त असतात.

मग करायचं काय?

कायदा आधी सांगतो, कारण आम्हाला तो उशिरा कळला. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतले प्राणी आता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी करावी लागते, दुसऱ्याला दिला तर सांगावं लागतं, त्याला पिल्लं झाली तर जन्म कळवावा लागतो, मेला तर मृत्यू. नोंदणीसाठी कागद गोळा करायला आम्ही बसलो, तेव्हा हाती एक यूपीआयचा स्क्रीनशॉट सोडून काहीही नव्हतं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

म्हणून घेण्याआधी चार गोष्टी विचारा. नेमकी प्रजाती कोणती? जन्मतारीख काय? आईबाप कुठे आणि कधी जोडले? कागद कुठे आहेत? चारांपैकी एकाचंही उत्तर "टेन्शन नका घेऊ" असं आलं, तर उठा आणि चालू लागा.

आणि विंचू बघायचाच असेल तर ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या पायथ्याला जा, जाणत्या माणसासोबत, बूट घालून. यूव्ही टॉर्चचा एक झोत, दोन मिनिटं. बांधाच्या दगडात हिरवट चमकणारा विंचू दिसेल. दगड उचलू नका, आणि उचललात तर तसाच परत ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे. नशीब असेल तर पाठीवर बिऱ्हाड घेतलेली मादीही दिसेल. तिला चमच्याने पुढे ढकलायची इच्छा होणार नाही, कारण ती तुमची नसेल.

एकनाथांच्या भारुडात विंचू म्हणजे माणसाच्या आतले विकार. चारशे-साडेचारशे वर्षं आपण ते ऐकतोय आणि तरी विष विंचवातच शोधतोय.

आमची मादी अजून आहे. तिला परत पाठवता येत नाही. इथल्या रानात सोडणं म्हणजे एका चुकीवर दुसरी, कारण हे रान तिचं नाही. मित्राच्या खोलीत कपाटाच्या खालच्या, अंधाऱ्या कप्प्यात तिची पेटी आहे. हीट मॅट काढून टाकली. झाडाची साल आणि खोल माती घातली. आठवड्याला दोन रातकिडे, पाण्याची उथळ वाटी. नर आणायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, झाकण कामाशिवाय उघडायचं नाही. पेटीत हा विंचू आठेक वर्षं जगू शकतो. तेवढी वर्षं हे भाडं आम्ही भरणार.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. ती दिसली नाही. मातीत तिने बीळ केलंय, एवढंच दिसलं. मित्र म्हणाला, "काढू का बाहेर?"

मी नको म्हणालो.